जपणाऱ्यांच्या नगरीतील विसर्जन

श्रीगणेशाच्या पार्थिव पूजनात प्राणप्रतिष्ठेइतकेच महत्त्व उत्तरपूजेला आहे. परंतु आरास, आरत्या आणि नैवेद्य यांच्या धांदलीत तिच्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. अक्षता वाहून मूर्ती आसनावरून किंचित हलवायची, देवाला पुनश्च येण्याची विनंती करायची आणि मग जी माती उरते ती पाण्याच्या स्वाधीन करायची, एवढाच तो विधी. पन्नासांहून अधिक वर्षे आम्ही तो आमच्या घरी पाहत आलो. त्याचा अर्थ मात्र आम्हांला उमगला तो घरापासून हजारो कोस दूर, इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत, २०२४ सालच्या भाद्रपदात.

आमची कन्या तेथे जुन्या चित्रांच्या जीर्णोद्धाराचे शास्त्र शिकत होती. तिचे शिक्षण संपत आले होते. जुलैमध्ये अखेरची परीक्षा झाली, तेथील रिवाजाप्रमाणे मैत्रिणींनी तिच्या मस्तकी लॉरेलच्या पानांचा मुकुट चढवला. लॉरेल म्हणजे आपल्या तमालपत्राचाच सगोत्र वृक्ष. आता उरले होते ते शेवटचे काही आठवडे: खोली रिकामी करणे, ग्रंथालयाची पुस्तके परत करणे, सायकल कोणाला तरी देऊन टाकणे, आणि एक निर्णय घेणे. तेथील एका कार्यशाळेने तिला दोन वर्षांसाठी कामावर बोलावले होते. "बाबा, माझे अजून ठरत नाही," एवढेच ती दूरध्वनीवर सांगे. अखेर आमच्या मातोश्री म्हणाल्या, "गणपती घरी धाकटा बसवील. तू जा. तिला एकटीला निघायला लावू नकोस."

मातोश्रींच्या या बोलण्यामागे एक शल्य होते. आमचे तीर्थरूप आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातील घरी दर वर्षी स्वहस्ते शाडूची मूर्ती घडवीत. २०२३ साली वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, हात कापत असताना, महिनाभर खपून त्यांनी मूर्ती पुरी केली. तिचे छायाचित्र पाहून नातीने फ्लॉरेन्सहून विनविले, "आजोबा, एवढी एक मूर्ती विसर्जित करू नका. मी आले की तिला नीट जपेन." तीर्थरूप हसून म्हणाले, "अगं, पाहुणा निघाला की त्याला दारात अडवू नये." नित्याप्रमाणे त्यांनी मूर्ती वहाळात सोडली. नात रुसली. जानेवारीत तीर्थरूपांनी इहलोक सोडला आणि तिला वेळेवर येता आले नाही. आजोबा आणि नात यांच्यातील ते बोलणे तसेच अर्धवट राहिले. घराचा उंबरा ओलांडताना आजोबा दिसणार नाहीत, या धास्तीनेच ती परतीचे टाळीत आहे, हे मातोश्रींनी ओळखले होते.

ऑगस्टच्या अखेरीस आम्ही फ्लॉरेन्सला पोहोचलो. १५ ऑगस्टच्या सणानिमित्त मिटलेली दुकाने नुकतीच उघडू लागली होती. कन्येच्या खोलीत खोकी बांधलेली होती. भिंतीवरच्या खिळ्याला तो लॉरेलचा मुकुट सुकून लटकत होता. रोज सकाळी ती आम्हांला एकेका स्थळी नेई. आम्हांला नगर दाखवणे हे निमित्त. तिला त्या स्थळांचा निरोप घ्यायचा होता, हे आमच्या ध्यानी हळूहळू आले.

पहिल्याच दिवशी तिने सांता क्रोचे या मंदिरात नेले. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीला महापूर आला. नगराच्या काही भागांत सहा मीटरांहून अधिक उंच पाणी चढले. त्याच्या खुणा अद्याप भिंतींवर कोरलेल्या आढळतात. चिखलात रुतलेले ग्रंथ आणि चित्रे बाहेर काढण्यासाठी देशोदेशींचे तरुण धावून आले. त्यांना तेथील लोक आजही 'चिखलातले देवदूत' म्हणतात. या मंदिरात तेराव्या शतकातील चिमाब्वे या चित्रकाराचे ख्रिस्ताचे भव्य क्रूसचित्र आहे. पुराने त्याचा निम्म्याहून अधिक रंग धुऊन नेला. दहा वर्षांच्या परिश्रमांनंतर, १९७६ साली, ते पुन्हा दर्शनास ठेवण्यात आले.

"बाबा, नीट पाहा," कन्या म्हणाली, "जेथला रंग गेला तेथे त्यांनी चेहरा नव्याने काढलेला नाही." खरोखरच तेथे केवळ बारीक रेषांचे एक शांत जाळे होते. दुरून ते चित्रात मिसळे. जवळ जाताच गेलेले गेलेच आहे, हे कळे. जीर्णोद्धार करणाऱ्याने मूळ कलाकाराच्या नावावर आपला रंग खपवू नये, आणि जे भरावे ते पुढे कोणास काढता यावे, हा त्या शास्त्राचा दंडक आहे, असे तिने सांगितले.

याच मंदिरातील वासारीचे 'अंतिम भोजन' हे चित्रही पुरात बुडाले होते. ते स्वस्थानी परतले २०१६ साली, म्हणजे तब्बल पन्नास वर्षांनी. गिबेर्तीने घडवलेल्या सुवर्णमंडित कवाडांचा जीर्णोद्धार सत्तावीस वर्षे चालला. काही कारागिरांची सारी उमेद एका वस्तूच्या सेवेत सरली असेल! आम्ही मनोभावे हात जोडले. तेवढ्यात कन्या हळूच म्हणाली, "मी आजोबांना हेच सांगत होते. वस्तू जपता येतात." आम्हांला उत्तर सुचले नाही.

त्या वर्षी गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला आली. आपण परमुलखात असलो तरी दीड दिवसाचा गणपती बसवायचा, असे आम्ही ठरवले. नगरालगतचे इम्प्रुनेता हे गाव भाजलेल्या मातीच्या कामासाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे. तेथील कच्ची माती कन्येने आणली आणि चार रात्री बसून वीतभर मूर्ती घडवली. सोंडेचे वळण थेट आजोबांचे होते. दूर्वांची मात्र आम्हांला चिंता होती. पण घरमालकीणबाई अंगणातील लिंबाच्या कुंडीतून जे तण वैतागून उपटीत होत्या, ते पाहून आम्ही थक्क झालो. त्या ज्याला 'ग्रामिन्या' म्हणत, ती आपली दूर्वाच होती! आम्ही ते तण मागून घेतले, तेव्हा त्या वृद्ध बाईंना फार नवल वाटले. एकवीस दूर्वांची जुडी वाहिली, ओबडधोबड का होईना पण मोदक झाले. घरात तीर्थरूपांचे वर्ष सरले नव्हते. म्हणून गावी आणि येथेही पूजा साधेपणानेच झाली. आरती संपताच कन्या म्हणाली, "बाबा, ही मूर्ती मी विसर्जित करणार नाही. भट्टीत भाजून घेऊन जपून ठेवणार आहे." देवासमोर वाद नको म्हणून आम्ही गप्प राहिलो.

योगायोग असा की, ७ सप्टेंबर हीच फ्लॉरेन्समधील 'रिफिकोलोना' या उत्सवाची रात्र. ८ सप्टेंबर हा मेरीमातेचा जन्मोत्सव. आपल्या वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा भरते ती याच पर्वानिमित्त. पूर्वी डोंगरपट्ट्यातील शेतकरी आपला माल घेऊन आदल्या रात्रीच कंदिलाच्या उजेडात या नगरीत उतरत, दुसऱ्या दिवशी मातेचे दर्शन घेत आणि बाजार करीत. त्याची आठवण म्हणून आता मुले रंगीत कागदाचे कंदील काठीला टांगून सांतिस्सिमा अनुन्त्सियाता या मंदिरासमोरच्या चौकात जमतात. घरी निरांजन तेवत ठेवून, घरमालकीणबाईंना लक्ष ठेवण्यास सांगून, आम्ही दोघे ते पाहावयास गेलो.

शेकडो कंदिलांनी चौक उजळला होता. आमच्या गावातील आकाशकंदील आम्हांला आठवले. परंतु या खेळाला एक वेगळेच अंग आहे. वांड मुले फुंकनळीतून मातीच्या गोळ्या मारून दुसऱ्यांचे कंदील पाडतात. आतली मेणबत्ती कलंडते आणि कंदील पेट घेतो. आमच्या पुढ्यातच एका पाचसहा वर्षांच्या मुलीचा माशाच्या आकाराचा कंदील भडकून क्षणात राख झाला. तिचा चेहरा रडवेला झाला. तिच्या आजीने तिला कडेवर घेतले आणि कानाशी काहीसे बोलली. मुलगी डोळे पुसून हसली. "काय म्हणाल्या गं त्या?" आम्ही विचारले. कन्या काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी याहून मोठा करू, असं म्हणाल्या."

घरी परतेपर्यंत आमच्यात दुसरा शब्द झाला नाही. ज्या नगरीने पुरात गेलेल्या रंगाच्या कणाकणासाठी वर्षानुवर्षे तपश्चर्या केली, तीच नगरी आपल्या लेकरांना दर वर्षी कागदाचा दिवा करायला आणि तो जळू द्यायलाही शिकवीत होती.

दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीच्या सायंकाळी, कन्येने आपण होऊन अक्षतांची वाटी आमच्यासमोर धरली. "बाबा, उत्तरपूजा करू या." तिने स्वतःच्या हाताने मूर्ती हलवली. नदीत काही टाकणे उचित नव्हते. म्हणून अंगणात बादलीभर पाणी घेतले. कच्ची माती हळूहळू विरघळू लागली. आधी बोटे, मग सोंड. ती शेवटपर्यंत बादलीशी बसून राहिली आणि आजोबांसाठी त्या दिवशी प्रथमच मोकळेपणाने रडली. ते गढूळ पाणी तिने घरमालकीणबाईंच्या लिंबाच्या कुंडीत ओतले. मग हात धुऊन म्हणाली, "माझे तिकीट तुमच्याबरोबरचेच काढा. आजोबांच्या वर्षश्राद्धाला मला घरी असायचे आहे. त्या लोकांना मी कळवते."

त्या रात्री आम्ही पुष्कळ विचार केला. आपल्या धर्माने जपणे त्याज्य मानलेले नाही. देवालयातील अचल मूर्तीचा जीर्णोद्धार करताना आपणही देवतेचे तत्त्व विधिपूर्वक कलशात आणतो आणि काम होईतो त्या कलशाची पूजा करतो. मात्र पार्थिव मूर्ती ही निरोपासाठीच घडवलेली असते. काय जपावे आणि काय सोडावे, याचा विवेक हीच खरी उपासना. त्या क्रूसचित्रावर खोटा रंग न चढवणारे कारागीर आणि पाहुण्याला दारात न अडवणारे आमचे तीर्थरूप, या दोघांनीही गेलेले गेले असे मान्य केले. आणि तरीही दोघांची सेवा उणी पडली नाही.

निघताना कन्येने तो सुकलेला मुकुट घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात ठेवला. त्याची पाने रश्श्यात घालावयाची असतात, असे त्या म्हणाल्या. खोलीची किल्ली त्यांच्या हाती देताना कन्या त्यांच्या पाया पडली. त्या बाईंना आपला रिवाज ठाऊक नव्हता. पण आशीर्वाद द्यायचा असतो हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

यंदा आमच्या घरची शाडूची मूर्ती कन्येनेच घडवली आहे. आजोबांच्याच पाटावर, त्यांच्याच कोरण्यांनी. विसर्जनाच्या दिवशी ती वहाळापर्यंत मूर्ती स्वतःच घेऊन जाणार आहे. वाचकहो, आपल्या घरीही श्रींची उत्तरपूजा होईल तेव्हा क्षणभर थांबून अक्षता वाहा. घाई करू नका आणि अडवूही नका.