वल्हं कोणाच्या मापाचं?

गरियाहाटच्या चौकातून गोलपार्ककडे चालत गेलं की थोड्याच वेळात झाडांच्या फटीतून पाणी दिसू लागतं. कलकत्ता इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने 1920 च्या दशकात दलदलीची जमीन खणून हे तळं केलं. 1958 मध्ये त्याला रवींद्रनाथांचं नाव मिळालं, तरी आम्हा बालीगंजवाल्यांच्या तोंडी ते अजून 'लेक'च आहे. पहाटे तिथे लांब, काडीसारख्या होड्या निघतात. 1858 साली हुगळीकाठी सुरू झालेला कलकत्ता रोइंग क्लब आता इथेच आहे, शेजारी बेंगाल रोइंग क्लब आणि लेक क्लबही आहेत. पुण्याचा रॉयल कनॉट बोट क्लब 1868 चा, म्हणजे कलकत्त्याच्या क्लबापेक्षा दहाच वर्षांनी लहान. त्यामुळे नाशिकहून बालीगंज सायन्स कॉलेजात शिकायला आलेला माझा भाचा जेव्हा म्हणाला, "मावशी, मला रोइंग शिकायचंय, पण दत्तू भोकनळ चालवतो तसलीच होडी हवी," तेव्हा मला आनंदच झाला. काळजीही वाटली, कारण या एका वाक्यात वल्ह्या-होड्यांविषयीचे निम्मे गैरसमज होते.

तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळने 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये तेरावा क्रमांक मिळवला. तो बसतो त्या एकेरी शर्यतीच्या होडीचं किमान वजन नियमाने 14 किलो असतं. लांबी आठ मीटरच्या आसपास, आणि पाण्याला टेकणारी रुंदी वीतभरापेक्षा थोडीच जास्त. अशी होडी स्वतःहून सरळ राहत नाही. तिचा तोल पाण्यावर दोन्ही बाजूंना पसरलेली वल्ही सांभाळतात, आणि वल्ही सांभाळणारे हात अजून कच्चे असतील तर सगळं लक्ष न उलटण्यातच जातं. मग नवशिक्या खांदे आवळतो, वल्हं अर्धवट ओढतो, आणि त्या भीतीच्या सवयी पुढे वर्षभर सुटत नाहीत. वेगवान होडी आपल्याला वेगवान करते, हे खरं नाही. ज्या होडीत वल्हं पुरतं बुडवून, पुरतं ओढून, स्वच्छ बाहेर काढता येतं, ती आपली होडी. सुरुवातीला ती रुंद बुडाची असते, किंवा मग चौघांची असते, जिच्यात बाकीचे तिघे तुमचा तोल थोडा वाहून नेतात.

होडीलाही माप असतं, हे फार जणांना माहीत नसतं. शर्यतीच्या होडीचा साचा चालवणाऱ्याच्या वजनानुसार ठरतो. हलक्या माणसासाठी बनवलेल्या होडीत वजनदार माणूस बसला तर ती खोल बसते, घर्षण वाढतं, लहानशी लाटही आत येते. उलट मोठ्या साच्यात हलका माणूस बसला तर होडी पाण्यावर उंच राहते आणि डुगडुगते. दोघंही दोष स्वतःच्या अंगाला देतात. आमच्या भाच्याने पहिला आठवडा असाच काढला. मग त्याच्या वजनाला शोभेशी होडी मिळाली, आणि तिसऱ्या दिवशी त्याची मान सैल झाली.

आता वल्हं. बंगालीत दोन शब्द आहेत: हातात धरून मारायचं ते 'बोइठा', आणि होडीच्या कडेला टेकवून ओढायचं ते 'दाँड'. आपण मराठीत दोन्हींना वल्हंच म्हणतो, म्हणून की काय, वल्ह्याचा मुख्य गुण आपल्या लक्षात येत नाही. दाँड ही तरफ आहे. टेकू एका जागी पक्का असतो, म्हणून लांबीचा प्रश्न हा उंचीचा प्रश्न नसून तरफेचा प्रश्न असतो. "उंच माणसाला लांब वल्हं, बुटक्याला आखूड" असं सगळीकडे ऐकू येतं. बर्फावरच्या स्कीबद्दलही असाच जुना ठोकताळा होता: हात वर केला की मनगटापर्यंत येईल तेवढी स्की घ्यावी. स्कीचे आकार बदलले तसा तो ठोकताळा मागे पडला, आणि आता वजन, कौशल्य, उतार नि वेग पाहून लांबी ठरते. वल्ह्याच्या बाबतीत मात्र तो अजून मुक्कामाला आहे.

स्कलिंगचं, म्हणजे दोन हातांत दोन धरायचं, वल्हं आजकाल साधारण 284 ते 290 सेंटिमीटर लांब असतं. त्यातलं टेकूपासून मुठीपर्यंतचं आतलं अंतर 88 च्या जवळपास. 288 चं वल्हं आणि 88 चं आतलं अंतर धरलं, तर बाहेर 200 सेंटिमीटर उरतात. आतलं अंतर दोन सेंटिमीटरने वाढवा, तेवढंच बाहेरचं कमी होतं आणि ओढायला हलकं लागतं. दोन्ही बाजूंच्या टेकूंमधलं अंतर वाढवलं तरी भार उतरतो. म्हणजे लांबी न बदलताही तेच वल्हं हलकं-जड करता येतं, आणि ते बदलायला पाना नि पाच मिनिटं पुरतात. जो नवशिक्या म्हणतो, "मला रोइंग झेपत नाही," त्याला मी आधी विचारते, तुझ्या वल्ह्याचं आतलं माप कोणी पाहिलं का?

यात पात्याचा इतिहासही येतो, आणि तो जुन्या क्लबांत फार कामाचा आहे. 1959 मध्ये फ्रान्समधल्या माकाँ गावी झालेल्या युरोपीय स्पर्धेत रुंद, दोन्ही बाजूंना सारखं पातं गाजलं, म्हणून त्याला 'माकाँ' नाव पडलं. 1991 मध्ये कन्सेप्ट 2 कंपनीने कोयत्यासारखं एका बाजूला उतरतं, मोठं पातं आणलं, आणि पुढच्याच वर्षी बार्सिलोना ऑलिंपिकपासून ते सगळीकडे पसरलं. हे मोठं पातं पाण्याला जास्त घट्ट पकडतं, म्हणून वल्हं काही सेंटिमीटर आखूड ठेवावं लागतं. जुन्या माकाँची लांबी तशीच ठेवून नवं पातं लावलं, तर ओढ इतकी जड होते की पाठ मोडायची पाळी येते. क्लबाच्या शेडमध्ये दोन्ही जातींची वल्ही एकाच घडवंचीवर टेकलेली दिसली तर लांबी मोजूनच उचला.

"रोइंग म्हणजे दंडांचा खेळ" या समजुतीला मी फार वेळ देत नाही, कारण सरकत्या बैठकीकडे एकदा नीट पाहिलं की ती गळून पडते. ढोपरं पोटाशी येतात, मग पाय ढकलतात, मग पाठ उघडते, आणि हात शेवटी येतात. म्हणूनच पाय टेकायच्या फळीची उंची आणि कोन हे वल्ह्याइतकंच महत्त्वाचं माप आहे. पाय फार वर असतील तर ढोपरं छातीत शिरतात आणि कंबर गोल होते. जिममधल्या रोइंग मशीनवरचा आकडाही असाच फसवतो. त्याचा खटका 10 वर नेला म्हणजे व्यायाम जास्त होतो असं लोक मानतात. तो खटका पंख्यात किती हवा शिरते एवढंच ठरवतो, सायकलच्या गिअरसारखा. खुद्द मशीन बनवणारी कंपनीच बहुतेकांना 3 ते 5 सुचवते.

मग निवड कशी करायची? धक्क्यावर नाही, पाण्यावर. धक्क्यावर उचलून पाहिलेल्या वल्ह्याचं वजन पाण्यात काहीच सांगत नाही. होडीत बसल्यावर दोन्ही मुठी शरीराजवळ आणा आणि पाती पाण्यात बुडवा: मुठी खालच्या बरगड्यांपाशी यायला हव्यात. त्या मांड्यांत घुसत असतील तर टेकू खाली आहे, आणि हनुवटीकडे चढत असतील तर वर. वल्ही आडवी ताणली की मुठी एकमेकींवर हातभर नव्हे, तर 18 ते 22 सेंटिमीटर चढतात. मग वल्ह्याच्या दहा ओढी संथ, पुढच्या वीस जोरात. चाचणी इथे थांबवू नका, कारण ताज्या अंगाला प्रत्येक वल्हं बरं वाटतं. खरी परीक्षा अर्ध्या तासाने, दमल्यावर. तेव्हाही पातं स्वच्छ बाहेर येतंय का, की पाण्यात अडकून मूठ पोटात धडकतेय, ज्याला रोइंगवाले 'क्रॅब' म्हणतात? एका वेळी एकच माप बदला आणि वहीत लिहून ठेवा. तेवढंच अंतर दोन्ही दिशांनी वल्हवून पाहा, नाहीतर लेकवरचा दक्षिणेचा वारा तुम्हाला चुकीच्या वल्ह्याच्या प्रेमात पाडेल.

शेवटचा गैरसमज मला सगळ्यात जास्त टोचतो: "पोहता येतं ना, मग होडी कुठलीही चालेल." मे 2022 मध्ये याच सरोवरावर सराव करताना कालबैशाखीचं वादळ आलं आणि दोन शाळकरी मुलं बुडाली. त्या संध्याकाळचा आवाज आमच्या गल्लीत अजून कोणी विसरलेलं नाही. शर्यतीच्या होडीचे पुढचे-मागचे कप्पे बंद असतात, म्हणून ती उलटली तरी तरंगते. उलटलेल्या होडीला धरून राहायचं, काठाकडे पोहत सुटायचं नाही, हा जगभरचा पहिला नियम आहे. पण तो पाळायचा तर कप्प्यांची झाकणं घट्ट हवीत आणि पाय सुटायला हवेत. होडीतले बूट फळीला पक्के बसवलेले असतात. प्रत्येक टाचेला खाली एक छोटी दोरी बांधलेली असते, जी टाच वर जायची थांबवते, म्हणजे पाय ओढला की बूट मागे राहतो आणि पाऊल बाहेर येतं. ओढल्यावर बूट आडवा होईपर्यंतच टाच उचलली गेली पाहिजे. त्याहून जास्त उचलली गेली तर दोरी सैल आहे, आणि दोरी सैल म्हणजे पाय अडकला.

भाच्याला पहिल्या दिवशी पाण्यात सोडण्याआधी प्रशिक्षकांनी वल्ह्याला हातही लावू दिला नाही. त्यांनी होडी धक्क्यावर पालथी-उताणी करून दोन्ही झाकणं दाबून पाहिली, आणि मग गुडघ्यावर बसून त्याच्या टाचांच्या दोऱ्या एकेक करून ओढल्या. डावी सैल निघाली. ती पुन्हा बांधून होईपर्यंत सूर्य झाडांवर आला होता, आणि त्या दिवशी तो फक्त वीस मिनिटं पाण्यावर गेला.