धावून शिकार करणारा तडस

पहाटे मोहफुलं वेचायला निघालं की कधी कधी वाटेत खडूसारखी पांढरी विष्ठा दिसते. ती तडसाची. पुस्तकात त्याला तरस म्हणतात. तो हाडं फोडून खातो, म्हणून विष्ठा पांढरी.

तडस म्हटलं की आपल्याला मागून उतरता, वाघाचं उरलंसुरलं खाणारा प्राणी आठवतो. पण त्याच्या कुळात एक धावणारा शिकारीही होऊन गेला. नाव चॅस्मापोर्थेटीस. (मला हे नाव नीट म्हणायला दोन दिवस लागले!) पाय लांब, सडपातळ; पळत पाठलाग करून शिकार करण्याजोगे. आफ्रिका, युरोप, आशियात तो होता. समुद्राचं पाणी ओसरून आशिया आणि अमेरिकेच्या मधली जमीन उघडी पडायची, तेव्हा तिच्यावरून तो पलीकडे गेला. तडसाच्या कुळातला अमेरिकेत पोचलेला हा एकटाच. तिथे ग्रँड कॅन्यन नावाच्या प्रचंड दरीच्या भागात त्याचे अवशेष मिळाले आणि १९२१ मध्ये त्याला नाव दिलं गेलं. नावही त्या दरीवरूनच. कॅनडाच्या थंडगार उत्तर भागात १९७०च्या दशकात दोन दात सापडले होते. ते संग्रहालयात पडून राहिले. ते याचेच, हे २०१९ मध्ये जाहीर झालं. सिरोंचा तालुक्यात वडधामला दगड झालेली झाडं आहेत ना, तसेच हे जपून राहिलेले पुरावे. फक्त वडधामची झाडं कितीतरी जुनी.

तो शिकारी काही लाख वर्षांपूर्वी संपला. आज जगात या कुळाच्या चारच जाती आहेत आणि भारतात एकच, आपला पट्टेवाला तडस. गावाबाहेर टाकलेलं ढोर तो हाडांसकट संपवतो. नाहीतर ते तिथेच सडेल आणि मोकाट कुत्री जमतील.

आता खरं सांगायचं ते. वाघाने गाय मारली की रागाच्या भरात कुणी मढ्यावर विष टाकतं. वाघ परत येवो न येवो, तडस येतोच. गिधाडं येतात, आपलीच कुत्रीही येतात. शिवाय तो गुन्हा आहे. त्यापेक्षा गाय मारल्याचं कळताच वनरक्षकाला सांगा, नाहीतर १९२६ वर फोन करा. पंचनामा होईपर्यंत जनावर हलवू नका, कारण नुकसानभरपाई त्यावरच मिळते. घरच्या माणसांनाही हे आजच सांगून ठेवा.