रुमालातले कागद आणि आपली शिवजयंती: एका इतिहास मंडळाची गोष्ट

आजचा विषय आहे 'इतिहास संशोधन करणारी संस्था वाढते कशी'. हे ऐकून काही जणांचं बोट स्किपवर गेलं असेल, म्हणून आधी एक प्रश्न. १९ फेब्रुवारीला आपल्याला शिवजयंतीची सुट्टी असते. ही तारीख ठरली कशी?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुस्तकांतून सर्रास दिसायची ती १६२७ सालातल्या वैशाखाची तिथी. ती मागे पडून १६३० सालची फाल्गुन वद्य तृतीया पुढे आली, त्यात पुण्यातल्या एका संस्थेचा मोठा वाटा आहे. ती संस्था म्हणजे सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ. नावात 'भारत' असलं तरी मंडळाचं मुख्य काम मराठ्यांच्या इतिहासाचं, आणि सुरुवात अगदी घरगुती.

मी काही इतिहासाचा पदवीधर नाही. दिवसा सॉफ्टवेअर लिहितो. मला कुतूहल आहे ते एका गोष्टीचं: एका माणसाचं वेड शंभर वर्षं टिकणारी संस्था कसं होतं? मंडळाचा प्रवास मी पाच प्रश्नांत मांडतो, कारण प्रत्येक टप्प्यावर मंडळापुढचा प्रश्न बदलत गेला.

पहिला प्रश्न: कागद आहेत कुठे?

१८१८ साली पेशवाई गेली आणि सरकारी दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेलं. हे पेशवे दप्तर पुण्यातच होतं, पण इथल्या अभ्यासकांना कित्येक दशकं तिथे सहज प्रवेश नव्हता. मग राहिले काय? तर सरदार, देशमुख, कुलकर्णी, सावकार, देवस्थानं यांच्या घरातले कागद. कापडात बांधलेले हे गठ्ठे, त्यांना 'रुमाल' म्हणतात. माळ्यावर पडलेले, उंदीर-वाळवीच्या हवाली झालेले.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे रुमाल शोधत गावोगाव हिंडले. वाईला मिळालेल्या कागदांवरून त्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. त्यात पानिपतच्या काळातली पत्रं आहेत. पुढे या मालेचे २२ खंड झाले. नावातला 'साधने' हा शब्द नीट पाहा. राजवाड्यांनी नुसता 'इतिहास' सांगितला नाही, तो ज्यावरून लिहायचा ती मूळ पत्रंच लोकांपुढे ठेवली. आमच्या भाषेत सांगायचं तर अ‍ॅप द्यायच्या आधी सोर्स कोड खुला केला.

दुसरा प्रश्न: एकट्या माणसाने हे किती दिवस करायचं?

राजवाडे स्वतः स्वयंपाक करून खाणारे, एकटे राहणारे, कडक स्वभावाचे. पण महाराष्ट्रात किती गावं, किती घरं! एका माणसाच्या आयुष्यात हे काम आवरणारं नव्हतं. म्हणून ७ जुलै १९१० रोजी त्यांनी आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी मिळून मंडळ स्थापन केलं.

संस्था झाल्याने काय बदललं? लोक जमायला लागले, मिळालेल्या कागदांवर टिपणं वाचायला लागले आणि समोर बसलेला माणूस तिथल्या तिथे 'हे तुम्ही कशावरून म्हणता?' असं विचारायला लागला. संमेलनांची वृत्तं छापली जाऊ लागली आणि १९२० पासून मंडळाचं त्रैमासिक सुरू झालं. पुण्यात सापडलेला कागद कोल्हापूरच्या, नागपूरच्या माणसालाही वाचता यायला लागला.

गंमत बघा, पुढे मतभेद झाले आणि राजवाडे स्वतःच मंडळापासून दूर गेले. शेवटचा काळ धुळ्यात काढून ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते गेले. त्यांचे कागद आणि त्यांचं काम जपायला धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. म्हणजे संस्थापक निघून गेला तरी पुण्याचं काम थांबलं नाही, आणि दुसऱ्या गावात एक नवं मंडळ झालं. संस्था खरंच उभी राहिली की नाही, हे कळायला याहून कडक परीक्षा नसावी.

तिसरा प्रश्न: खरं कुठलं मानायचं?

आता शिवजयंतीकडे येऊ. भोर भागातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरी एक शकावली होती. शकावली म्हणजे सालवार नोंदींची यादी. हिच्यात शके १५४० ते १६१९ या काळातल्या नोंदी आहेत. लोकमान्य टिळकांनी ती मिळवली आणि १९१६ साली मंडळाच्या संमेलन वृत्तात ती प्रसिद्ध झाली. तिच्यात शिवाजी महाराजांच्या जन्माची नोंद होती: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया.

एका कागदावर विश्वास ठेवायचा का? लगेच नाही. तो एखाद्या नकलाकाराचा घोटाळाही असू शकतो. मग तंजावरहून कवींद्र परमानंदाचं 'शिवभारत' हे संस्कृत काव्य हाती आलं. सदाशिव महादेव दिवेकर यांनी ते संपादित केलं, मंडळाने १९२७ साली प्रसिद्ध केलं. त्यातही तीच तिथी! जोधपूरकडच्या जुन्या जन्मपत्रिकांच्या संग्रहात मिळालेली पत्रिकाही त्याच तिथीकडे बोट दाखवत होती. मावळातली शकावली, तंजावरचं काव्य, राजस्थानातली पत्रिका. एकमेकांपासून इतक्या लांब सापडलेली साधनं एकच तिथी सांगतात तेव्हा तिचं वजन वाढतं.

तरी वाद लगेच मिटला नाही. दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षं लेख पडले. राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृत मानली ती थेट २००१ साली. शकावली छापल्यापासून ८५ वर्षांनी. मला यात उशीर दिसत नाही. मधल्या काळात ज्याला शंका होती त्याला मूळ मजकूर उघडून बघता येत होता, ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते.

चौथा प्रश्न: हे सगळं सांभाळायचं कसं?

कागद येत गेले तशी कामाची तऱ्हा बदलली. ताम्रपट आले, नाणी आली, चित्रं आली, पोथ्या आल्या. आदिलशाही आणि मोगली फर्मानं तर फारसीत. ग. ह. खरे यांच्यासारखा माणूस मंडळात अनेक दशकं बसून हेच करत राहिला. त्यांनी संपादित केलेले 'ऐतिहासिक फारसी साहित्य'चे खंड मंडळाने काढले. फारसी कागदांशिवाय शिवकाल म्हणजे फोनवरचं एकाच बाजूचं बोलणं ऐकण्यासारखं.

तारखांचंही तेच. एका कागदावर शक, दुसऱ्यावर हिजरी, तिसऱ्यावर शुहूर सन. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, कारण ते वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या आसपास सुरू होतं. हे गणित चुकलं तर लढाई एक वर्ष पुढे-मागे जाते. टाइमझोनचे बग काढणाऱ्यांना हे दुःख कळेल.

पाचवा प्रश्न: वाचणार कोण?

हा प्रश्न आपल्या पिढीचा आहे. मंडळाच्या संग्रहातले ऐतिहासिक कागद १५ लाखांच्या घरात सांगितले जातात. बहुतेक मोडीत. स्वातंत्र्यानंतर मोडी शाळांतून गेली आणि वाचणारे कमी होत गेले.

साधा हिशोब करू. एका जाणकाराने रोज १० कागद, वर्षाचे ३०० दिवस वाचले तर वर्षाला ३,००० कागद होतात. १५ लाखांना ५०० वर्षं लागतील. असे १०० जण असतील तर ५ वर्षं!

'स्कॅन करून टाका की!' असं तुम्ही म्हणाल. स्कॅनने कागद वाचतो, पण मजकूर वाचला जात नाही. फोटोत सर्च चालत नाही. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ साली, सातव्या आवृत्तीत. आता 'नोटो सान्स मोडी'सारखा फॉन्टही आहे. पण मशीनला हस्ताक्षर वाचायला शिकवायचं, तर आधी माणसाने अचूक वाचून दिलेली हजारो पानं लागतात. त्यात मोडीत आधी ओळभर रेघ मारून घेतात, हात न उचलता लिहितात, शब्द तोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. मी मोडीचा वर्ग केला तेव्हा अक्षरं दोन आठवड्यांत आली, पण सलग ओळ वाचायला तीन महिने लागले.

आणि हा निव्वळ हौसेचा मामला नाही. २०२३ साली राज्यात कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना जिल्ह्याजिल्ह्यांत मागणी आली. कुणाचा दाखला, कुणाच्या जमिनीचा वाद आजही त्या वळणदार ओळीत अडकलेला असतो.

तर मंडळी, आपण काय करायचं? आजीला, काकांना विचारा: घरात जुना रुमाल आहे का? असेल तर रद्दीत घालू नका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. उजेडात, फ्लॅश न लावता फोटो काढा. कागदांचा क्रम मोडू नका, कारण कुठला कागद कुठल्या कागदाशेजारी होता हीसुद्धा माहिती असते. कुठल्या घरातून आला ते लिहून ठेवा आणि जवळच्या संशोधन मंडळाला दाखवा. जमलं तर मोडीच्या वर्गाला नाव घाला. मंडळातही असे वर्ग होतात.

१९१० साली कागद शोधणारे कमी होते, आज वाचणारे कमी आहेत. ही कमी भरून काढायला राजवाड्यांइतकं वेड लागत नाही. आठवड्याचे दोन तास पुरतात. तुमच्या घरी काही सापडलं तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!