चप्पल, रिमोट आणि पिल्लाचे दात

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरातली बरीच घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. पायरी थेट गल्लीत उतरते. चपला दारातच निघतात, दुचाकी फाटकाला टेकून उभी राहते आणि उन्हाळ्यात कूलरची वायर खिडकीतून लोंबत असते. नळाला काही दिवसांआड पाणी येतं. त्या दिवशी मोटार, तिची वायर आणि प्लास्टिकची नळी अंगणभर पसरलेली असते. अशा घरात कुत्र्याचं पिल्लू आलं, की त्याच्या तोंडाच्या उंचीवर सगळं आयतंच मांडलेलं असतं. मग तक्रारी सुरू होतात. नव्या चपलेचा चावून चोथा केला, रिमोटची बटणं खाल्ली, सोफ्याचा कोपरा फाडून आतला फोम घरभर केला. "मुद्दाम करतो, राग काढतो," असं घरातलं कुणीतरी म्हणतं आणि पिल्लाला मार बसतो. हा मार बहुतेक वेळा अन्यायाचा असतो. कुरतडण्याची कारणं ठरावीक आहेत, थोडं लक्ष दिलं तर ती ओळखता येतात आणि बऱ्याचशा कारणांवर घरच्या घरी इलाज होतो.

सुरुवात दातांपासून करू. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला एकही दात नसतो. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास दुधाचे दात येऊ लागतात आणि दोन महिन्यांपर्यंत अठ्ठावीस दातांची बत्तिशी पुरी होते. सुईसारखे टोकदार असतात ते. साधारण चौथ्या महिन्यात हे दात पडू लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत त्यांच्या जागी बेचाळीस पक्के दात येतात. म्हणजे अवघ्या तीन महिन्यांत जबड्यात केवढी उलथापालथ. खालून पक्का दात वर ढकलत येतो, दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळतं, हिरड्या सुजतात, शिवशिवतात. काहीतरी दाताखाली दाबलं की बरं वाटतं, म्हणून पिल्लू जे सापडेल ते चावतं. दात येणाऱ्या तान्ह्या बाळाच्या हातात आपण चोखणी देतो, ती याचसाठी. या दिवसांत चघळलेल्या वस्तूवर रक्ताचा बारीक ठिपका दिसला तर घाबरू नका. पडलेला दात बरेचदा पिल्लू गिळून टाकतं, त्यानंही काही होत नाही. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत मात्र एक गोष्ट तपासत राहा. दुधाचा सुळा न पडता पक्क्या सुळ्याच्या शेजारी तसाच राहतो, मग तिथे घाण साचते आणि दात वाकडे येतात. असा जोडसुळा दिसला तर पशुवैद्यकाकडून काढून घ्यावा लागतो.

पण घरात एवढ्या वस्तू असताना चप्पलच का? याचं उत्तर नाकात आहे. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण 50-60 लाख असतात, कुत्र्याच्या नाकात 10 कोटींहून अधिक. चपलेत आपला घाम मुरलेला असतो, त्यातून चामड्याची असेल तर ते मुळात जनावराचं कातडंच. रिमोटला हाताचा आणि जेवणाच्या बोटांचा वास असतो. मोजे, चष्म्याची दांडी, उशीची खोळ, मोबाइलचं कव्हर ही सगळी यादी बघा: ज्या वस्तूला घरच्या माणसाचा वास सर्वांत जास्त, ती आधी जाते. ज्या माणसावर पिल्लाचा जीव आहे त्याचा वास तिथे आहे, म्हणून ते तिथे जातं.

जातीचाही भाग असतो. आपल्याकडे हौसेनं आणला जाणारा लॅब्रेडोर मुळात पाण्यातून मासे, जाळी आणि शिकार तोंडात धरून आणण्यासाठी घडवलेला. काहीतरी तोंडात असणं हा त्याचा स्वभावच. शिवाय केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिलं, की जवळपास पाव लॅब्रेडोरांमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांची खाण्याची ओढ इतरांपेक्षा जास्त असते. वन बीएचकेमध्ये लॅब्रेडोर आणणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं.

पिल्लू सात-आठ महिन्यांचं झालं, दात सगळे आले, तरी कुरतडणं थांबत नाही. हा वयात येण्याचा काळ असतो. जबड्यात जोर आलेला, अंगात रग, आणि जग तोंडानं तपासून बघायची सवय अजून गेलेली नसते. दीड-दोन वर्षांपर्यंत हे हळूहळू ओसरतं. त्यानंतरही फाडाफाडी सुरू असेल किंवा शांत असलेल्या कुत्र्यानं अचानक सुरू केली असेल, तर वस्तू कुठली, वेळ कोणती आणि जागा कुठली हे वहीत टिपून ठेवा. आठवडाभराच्या नोंदीतून कारण बहुधा समोर येतं.

माणसं घरात असतानाच, संध्याकाळच्या सुमारास, हाताला लागेल ते चावतो असं असेल तर त्याला पुरेसं काम नाही. दिवसभर साखळीला बांधलेल्या कुत्र्याचं हे नेहमीचं दुखणं. घर रिकामं असतानाच नुकसान होतं आणि तेही दाराची चौकट, उंबरा, खिडकी, फाटक इथेच, तर तो एकटेपणाला घाबरतोय. अशा कुत्र्याची लाळ गळते, तो भुंकून गळा काढतो, घरात लघवी करतो, दार खरवडून नखं रक्ताळून घेतो. हे बहुतेकदा आपण बाहेर पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात घडतं. खात्री करायची तर जुना मोबाइल कपाटावर टेकवून चित्रीकरण सुरू ठेवा आणि बाहेर पडा. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात पाळीची नोकरी असलेल्या घरांत हे जास्त जड जातं, कारण माणूस आज सकाळी गेला, पुढच्या आठवड्यात रात्री गेला, याचा कुत्र्याला अंदाज बांधता येत नाही. 2020 च्या टाळेबंदीत आणलेल्या अनेक पिल्लांनी तर पहिले काही महिने रिकामं घर पाहिलंच नव्हतं.

यावर इलाज आहे, पण तो संथ आहे. किल्ली उचला, चपला घाला आणि बाहेर न जाता परत बसा. दिवसातून अनेकदा. किल्लीच्या आवाजानं त्याचं काळीज धडधडायचं थांबलं, की दाराबाहेर अर्धं मिनिट उभे राहून परत या. मग एक मिनिट, मग तीन, मग दहा. तो घाबरायच्या आत परतायचं, एवढंच सूत्र. सराव चालू असेपर्यंत त्याला तासन्‌तास एकटं ठेवू नका. शेजारच्या काकूंकडे, आजोबांजवळ, कुठेही सोय करा. भीती फारच खोल असेल तर पशुवैद्यक त्यासाठी औषधं देतात. आपल्या घरातली माणसाची गोळी मात्र देऊ नका.

दिवाळीचे फटाके आणि मिरवणुकीतला डीजे यांची गोष्ट वेगळी. गजानन महाराज मंदिराच्या चौकात ढोल वाजायला लागला आणि घरातल्या कुत्र्यानं गादी फाडली, तर त्याला आडोसा हवा आहे. आतल्या खोलीत, पलंगाखाली, जुन्या चादरीचा कोपरा करून द्या, खिडक्या लावा, पंखा किंवा टीव्ही सुरू ठेवा. त्या दिवशी त्याला गच्चीत बांधून ठेवणं हा क्रूरपणा आहे.

माती, चुना, भिंतीचे पापुद्रे, कापडाचे तुकडे नुसते चावत नाही तर गिळतो, असं दिसलं तर आधी दवाखाना. पोटातले जंत किंवा गोचिडांच्या तापानं आलेला रक्तक्षय यामागे असू शकतो. अर्धपोटी कुत्राही असंच करतो. दूध-पोळीवर वाढणाऱ्या पिल्लाला प्रथिनं कमी पडतात. चार महिन्यांपर्यंत त्याला दिवसातून तीन-चार वेळा खायला हवं आणि त्यात अंडं, चिकन, पनीर असं काहीतरी हवं.

आता मारण्याबद्दल. आपण घरी येतो, फाटलेली उशी बघून आवाज चढवतो आणि कुत्रा कान पाडून, नजर चुकवून कोपऱ्यात बसतो. "बघा, त्याला कळतंय काय केलं ते!" न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये नेमकं हेच तपासलं. चौदा कुत्र्यांच्या मालकांना खोलीबाहेर पाठवून, मनाई केलेला खाऊ कुत्र्यानं खाल्ला की नाही हे त्यांना कधी खरं, कधी खोटं सांगितलं. कुत्र्यानं खाऊ खाल्ला होता की नाही याचा त्या अपराधी चेहऱ्याशी संबंध आढळला नाही. मालक रागावला की तो चेहरा यायचा, निर्दोष कुत्र्याचासुद्धा. म्हणजे तो पश्चात्ताप समजून आपण जे बघतो ती भीती असते. दोन तासांपूर्वी फाडलेल्या उशीचा आणि आत्ता बसलेल्या माराचा संबंध त्याला लावता येत नाही. तो एवढंच शिकतो, की मालक घरी येणं धोक्याचं आहे. अशानं एकटेपणाची भीती आणखी वाढते आणि उद्या दुसरी उशी जाते.

चावताना रंगेहाथ सापडला तरी हिसकावू नका, मागे धावू नका. धावलात की त्याला तो खेळ वाटतो, हिसकावलंत की तो पुढच्या वेळी घाईनं गिळतो किंवा गुरगुरतो. त्याऐवजी अदलाबदल करा. अंड्याचा तुकडा नाकासमोर धरा, "सोड" म्हणा, वस्तू सुटली की तुकडा द्या आणि त्याच्या हक्काची चावायची वस्तू पुढ्यात ठेवा. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. आजी "टाक" म्हणतात, मुलगा "ड्रॉप" म्हणतो, अशात पिल्लू गोंधळतं.

हक्काची वस्तू कोणती? जुनी चप्पल तर अजिबात नको; जुनी आणि नवी यांतला फरक त्याला कळत नाही. दात येण्याच्या दिवसांत स्वच्छ सुती फडकं ओलं करून, पीळ देऊन फ्रीझरमध्ये गोठवा आणि आपल्या नजरेसमोर चावायला द्या. फ्रीजमधलं गार, जाडजूड गाजर चालतं. मधे पोकळ असलेलं जाड रबरी खेळणं मिळतं, त्यात बिनमिठाचा दहीभात भरून गोठवला तर अर्धा-पाऊण तास निघतो, आणि आपण बाहेर पडताना तेच द्यायचं. वस्तू फार कठीण नको. नख दाबलं तर थोडं रुतलं पाहिजे, नाहीतर दाढेचा टवका उडतो. शिजवलेलं हाड कधीच देऊ नका, त्याच्या काटेरी फाका होतात आणि त्या आतडं फाडू शकतात. सोफ्याला तिखट चोळणारे लोक आहेत. ते कुत्र्याच्या डोळ्यांत आणि नाकात जातं. हा छळ आहे.

दमवणंही लागतंच. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, डांबर तापून तळपाय भाजतात, त्यामुळे फिरणं पहाटे आणि रात्रीच. मधल्या लांब दुपारी नाकाला काम द्या. जुन्या टॉवेलमध्ये भाकरीचे तुकडे गुंडाळून गाठ मारा, किंवा खोलीभर खाऊचे दाणे लपवा. हुंगत शोधण्यात कुत्रा खरोखर थकतो आणि मग झोपतो.

रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दलही दोन शब्द, कारण दुचाकीची सीट फाडल्याची तक्रार गल्लोगल्ली असते. फाडणारी बहुतेक वर्षाच्या आतली पोरं असतात आणि कारण तेच: दात, रग, भूक. सीट मऊ असते, तिच्यावर मांजर बसून गेलेली असते, तिचा वास असतो. कुत्री दूर राहावीत म्हणून दारात टांगलेल्या निळ्या पाण्याच्या बाटलीचा उपयोग नाही. कुत्र्याला निळा रंग चांगला दिसतो, त्याला भ्यायचं कारणच नाही. सीट पाण्यानं पुसून वास घालवा, चपला रात्री आत घ्या आणि खायला घालायचं ते गाड्यांपासून दूर, ठरलेल्या जागी घाला.

काही वस्तूंबाबत मात्र सवय लावण्याची वाट बघायची सोय नाही. कूलर आणि मोटारीची वायर दातात आली तर तोंड भाजतं, फुप्फुसात पाणी भरतं, जीव जातो. वायर पाइपातून न्या, काम संपलं की प्लग काढा. मोजे, मक्याचं कणीस आणि आंब्याची कोय आतड्यात अडकतात. बटणासारखा सेल गिळला तर अन्ननलिका भाजते. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल, चॉकलेट, मनुका, उंदराचं औषध हे सगळं विषच. अंगणात कण्हेर असेल तर तिचं पान, फूल, फांदी सगळंच हृदयाला घातक आहे. पुन्हापुन्हा उलटी, खाणं बंद, शी न होणं, पोट ताठ, यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय न करता लगेच पशुवैद्यक गाठा, आणि काय गिळलं असावं त्याचा उरलेला तुकडा सोबत न्या.

चार ते आठ महिने या वयातच अनेक पिल्लं "फार नासधूस करतो" म्हणून दूर कुठेतरी सोडून दिली जातात. तुमच्या घरात अशी बोलणी सुरू असतील तर आधी त्याचं वय मोजा. दात येण्याचा त्रास सातव्या महिन्यापर्यंत संपतो. तोवर चपला कपाटात ठेवा, गाजर फ्रीजमध्ये ठेवा आणि पिल्लाला घरातच राहू द्या.