कार्ड खाचेत बसते, पण कन्सोल ते वाचतो का?

टीव्हीला जोडलेल्या कन्सोलवर अर्धवट सोडलेला खेळ दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू करायचा, तर खेळाची स्थिती कुठेतरी लिहून ठेवावी लागते. किती टप्पे पार झाले, कोणती हत्यारे मिळाली, कोणत्या फलंदाजाच्या किती धावा झाल्या, ही सारी माहिती काही किलोबाइटांत मावते. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून पुढची दहा-बारा वर्षे ही नोंद प्रामुख्याने सुट्या मेमरी कार्डावर होत असे. कन्सोल बदलत गेले, कार्डांचे आकार बदलले, आणि एका प्रकारचे कार्ड दुसऱ्या प्रकारच्या खाचेत वापरता यावे म्हणून अडॅप्टर आले. दिसायला सारखेच वाटणारे हे तुकडे आतून फार वेगवेगळे असतात. काहींमध्ये नुसत्या तांब्याच्या पट्ट्या असतात, तर काहींमध्ये एक अख्खा छोटा संगणक.

भारतात १९९०च्या दशकात घरोघरी पोचलेल्या ‘टीव्ही गेम’च्या बहुतेक कॅसेटमध्ये नोंद ठेवण्याची सोय नव्हती. वीज गेली की खेळ पहिल्यापासून. काही खेळ टप्पा संपल्यावर अक्षरांचा पासवर्ड दाखवत आणि मुले तो वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवत. काही महागड्या कॅसेटमध्ये रॅमची चिप आणि ती जिवंत ठेवणारी नाण्याएवढी लिथियम बॅटरी असे. बॅटरी संपली की नोंदही गेली. जपानच्या एसएनके कंपनीने १९९० मध्ये निओ जिओ या कन्सोलबरोबर सुट्या मेमरी कार्डाची कल्पना आणली. सोनीच्या प्लेस्टेशनने डिसेंबर १९९४ पासून ती सर्वसामान्य घरांत नेली.

प्लेस्टेशनच्या कार्डात फ्लॅश स्मृती वापरली होती. तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात विकसित केलेल्या या प्रकारात प्रत्येक पेशीत एक तरंगते द्वार असते, म्हणजे चारही बाजूंनी विद्युतरोधक ऑक्साइडने वेढलेला वाहक थर. पुरेसा विद्युतदाब दिला की इलेक्ट्रॉन त्या पातळ ऑक्साइडमधून पलीकडे जातात आणि वीज बंद केल्यावरही आत अडकून राहतात. इलेक्ट्रॉन अडकलेले आहेत की नाहीत, यावरून शून्य की एक हे ठरते. प्लेस्टेशनच्या कार्डाची क्षमता १२८ किलोबाइट होती. तिचे ८ किलोबाइटांचे १६ भाग पाडलेले असत. पहिला भाग अनुक्रमणिकेसाठी राखीव आणि उरलेले १५ खेळणाऱ्यासाठी. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही या कार्डावर मावणार नाही.

कार्ड आणि कन्सोल यांच्यात जुळणी व्हायची तर निदान चार गोष्टी एकाच वेळी जमाव्या लागतात. कार्डाचे संपर्कबिंदू खाचेतल्या पट्ट्यांना टेकले पाहिजेत. दोन्हीकडचा विद्युतदाब सारखा हवा. आज्ञा आणि उत्तरे देवाणघेवाण करण्याची रीत, म्हणजे प्रोटोकॉल, दोघांना ठाऊक हवी. आणि कार्डावर फायली कशा मांडल्या आहेत, ते कन्सोलच्या प्रणालीला कळले पाहिजे. यातले काय बिनसले आहे ते ओळखणे हीच अडॅप्टर निवडण्याची खरी कसोटी आहे. पहिलीच गोष्ट जमत नसेल तर स्वस्तातला अडॅप्टर पुरतो. तिसरी जमत नसेल तर तो कितीही घट्ट बसला तरी निरुपयोगी.

प्लेस्टेशन १ आणि २ यांच्या कार्डांतच याचे उत्तम उदाहरण सापडते. दोघांची खाच एकसारखी आहे. प्लेस्टेशन २ च्या खाचेत जुने कार्ड सहज चालते, पण प्लेस्टेशन २ चे ८ मेगाबाइटचे कार्ड पहिल्या प्लेस्टेशनला वाचता येत नाही. नव्या कार्डात सोनीची मॅजिकगेट ही कूटलेखन व्यवस्था आहे. कार्ड आणि यंत्र एकमेकांची ओळख पटवल्याशिवाय माहिती देतच नाहीत. इतकेच नव्हे, तर प्लेस्टेशन २ वर जुना खेळ लावला तरी त्याची नोंद जुन्याच कार्डावर होते. ती नंतर नव्या कार्डावर उतरवून ठेवता येते, पण तिथून खेळता येत नाही.

सर्वांच्या परिचयाचा अडॅप्टर म्हणजे मायक्रोएसडी कार्ड पोटात घेणारा एसडी आकाराचा काळा तुकडा. सॅनडिस्क, पॅनासॉनिक आणि तोशिबा यांनी १९९९ मध्ये एसडी कार्ड जाहीर केले, तर मायक्रोएसडी २००५ मध्ये प्रमाणित झाले. चेन्नईजवळच्या श्रीपेरंबुदूरला २००६ ते २०१४ या काळात नोकियाचा मोबाइल कारखाना चालला. भारतातल्या असंख्य हातांत मायक्रोएसडी पहिल्यांदा आले ते याच काळात, मोबाइल फोनबरोबर. गाणी भरलेले तेच कार्ड अडॅप्टरमध्ये घातले की संगणकात आणि निन्टेन्डोच्या वी या कन्सोलमध्येही चाले.

त्या काळ्या तुकड्यात एकही चिप नसते. एसडी कार्डाला नऊ संपर्कबिंदू असतात आणि मायक्रोएसडीला आठ, कारण लहान कार्डात जमिनीची, म्हणजे ग्राउंडची, जोडणी एकच आहे. अडॅप्टर ती दोन ठिकाणी पोचवतो आणि बाकीच्या रेषा सरळ पुढे नेतो. त्यामुळे चांगल्या अडॅप्टरने कार्डाचा वेग घटत नाही. अपवाद अतिवेगवान कार्डांचा: त्यांना संपर्कबिंदूंची दुसरी रांग असते, नेहमीच्या अडॅप्टरमध्ये ती जोडलेलीच नसते, म्हणून कार्ड जुन्या वेगाने चालते. बाजूची छोटी कळ लेखन बंद करण्यासाठी आहे. ती काही कार्डाला आज्ञा देत नाही. कळ कुठे आहे हे खाचेतला स्पर्शक पाहतो आणि त्यानुसार लिहायचे की नाही ते यंत्र ठरवते. कार्ड ‘लॉक’ असल्याचा संदेश येतो, तेव्हा पुष्कळदा ही कळ सैल झालेली असते.

निन्टेन्डोच्या गेमक्यूबचे उदाहरण सर्वांत शिकण्यासारखे आहे. २००१ मध्ये आलेल्या या कन्सोलचे मूळ कार्ड अवघे ५१२ किलोबाइटचे होते. त्याच्या ६४ भागांपैकी पाच प्रणालीसाठी राखीव, म्हणून खोक्यावर ५९ हा आकडा छापलेला असे. २००३ मध्ये निन्टेन्डोने गेमक्यूबसाठी एसडी कार्डाचा अडॅप्टर काढला, पण तो फक्त जपानात विकला. त्या अडॅप्टरमध्ये प्रोटोकॉल बदलणारी चिप लागत नाही, कारण गेमक्यूबच्या कार्डाची खाच ज्या पद्धतीने बोलते ती एसपीआय या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साध्या क्रमिक पद्धतीशी जुळते, आणि एसडी कार्डालाही एसपीआय समजते. वीज मिळाल्यावर कार्डाला निदान ७४ घड्याळी स्पंदने द्यायची, निवडीची रेषा खाली ओढून पुनरारंभाची आज्ञा पाठवायची, की कार्ड एसपीआय रीतीत शिरते. विद्युतदाबही जुळतो: दोन्हीकडे सुमारे ३.३ व्होल्ट. म्हणून चार-पाच तारा नीट जोडल्या की काम भागते, आणि हौशी लोकांनी असे अडॅप्टर घरच्या घरी बनवले.

तरीही गेमक्यूबचा सामान्य खेळ त्या एसडी कार्डावर नोंद करत नाही. खेळाच्या तबकडीवरचा प्रोग्राम मूळ कार्डाच्या फ्लॅश चिपला द्यायच्या आज्ञाच जाणतो. एसडीला द्यायच्या आज्ञा त्यात लिहिलेल्याच नाहीत. एसडीचा उपयोग होतो तो त्यासाठी खास लिहिलेल्या प्रोग्रामना. त्यांच्या मदतीने जुन्या कार्डावरची नोंद एसडीवर उतरवता येते आणि तिथून संगणकावर नेता येते. तारा जुळल्या, दाब जुळला, प्रोटोकॉल जुळला, तरी अखेरचा शब्द प्रोग्रामचाच असतो.

जिथे प्रोटोकॉलच वेगळा असतो तिथे अडॅप्टरच्या पोटात चिप लागते. २००६ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३ मध्ये हार्ड डिस्क होती आणि जुन्या कार्डांची खाच काढून टाकली होती. सोनीने त्यासाठी यूएसबीला जोडायचा छोटा अडॅप्टर विकला. एका टोकाला जुने कार्ड, दुसऱ्या टोकाला यूएसबी, आणि मध्ये भाषांतर करणारी चिप. कन्सोलच्या हार्ड डिस्कवर आधी एक आभासी मेमरी कार्ड तयार करायचे आणि जुन्या कार्डावरच्या नोंदी त्यात उतरवायच्या, अशी ही व्यवस्था. इथे एक गोष्ट खरेदीआधीच लक्षात घ्यायला हवी. प्लेस्टेशन १ चे खेळ प्लेस्टेशन ३ च्या सर्व आवृत्त्यांवर चालतात, पण प्लेस्टेशन २ च्या तबकड्या फक्त सुरुवातीच्या काही आवृत्त्यांवर चालतात. २००९ च्या सडपातळ आवृत्तीवर नोंद उतरवता येईल, तबकडी मात्र चालणार नाही.

भारतात प्लेस्टेशन २ ला दीर्घ आयुष्य लाभले, आणि भारतीय कंपन्यांनी बनवलेले काही खेळ त्याच्यावरच आले. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजचा ‘हनुमान: बॉय वॉरियर’ २००९ मध्ये, तर मुंबईच्या ट्राइन गेम्सचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. या कन्सोलचे उत्पादन २०१३ च्या आरंभी थांबले. तेव्हापासून अस्सल कार्डे आणि अडॅप्टर जुन्या बाजारातच शोधावे लागतात, आणि त्या खेळांतल्या नोंदी ज्या कार्डांवर आहेत ती कार्डेही वर्षागणिक जुनी होत चालली आहेत.

क्षमतेची अडचण वेगळीच. मोठे कार्ड घातले आणि कन्सोलला ते दिसलेच नाही, हा अनुभव वी वापरणाऱ्यांना सर्रास येई. पहिल्या एसडी कार्डांत प्रत्येक बाइटला स्वतंत्र पत्ता असे आणि प्रमाणानुसार कार्डाची मर्यादा २ गिगाबाइट होती. २००६ मध्ये आलेल्या एसडीएचसी कार्डांत पत्ता बाइटचा न देता ५१२ बाइटांच्या गठ्ठ्याचा देतात, जसा खोलीऐवजी चाळीलाच क्रमांक द्यावा. तेवढ्याच ३२ बिटांच्या आकड्यात आता २ टेराबाइटपर्यंत पोचता येते. मात्र ही नवी रीत आपल्याला कळते, असे यंत्राने सुरुवातीलाच सांगावे लागते. तसे न सांगणाऱ्या जुन्या यंत्रापुढे मोठे कार्ड ‘अजून तयार नाही’ एवढेच कळवत राहते. वीच्या प्रणालीत मार्च २००९ च्या सुधारणेने ३२ गिगाबाइटपर्यंतची कार्डे चालू लागली. अडॅप्टर बदलून ही अडचण सुटली नसती, कारण दोष जोडणीत नव्हताच.

२०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २ ने हाच प्रश्न नव्या रूपात उभा केला आहे. त्यावर खेळ साठवायला मायक्रोएसडी एक्स्प्रेस प्रकारचेच कार्ड लागते. आकार तोच, खाचेत नेहमीचे कार्डही बसते, पण एक्स्प्रेस कार्ड संगणकातल्या एसएसडीच्या पीसीआय एक्स्प्रेस मार्गाने बोलते आणि त्यासाठी जास्तीचे संपर्कबिंदू वापरते. साध्या कार्डावरून जुन्या स्विचची चित्रे आणि चित्रफिती तेवढ्या पाहता येतात.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट, अशा बाजारांत अडॅप्टर आणि कार्डे भरपूर मिळतात. त्यांत बनावट कार्डेही असतात. आतली चिप ८ गिगाबाइटची असते आणि कार्ड स्वतःची क्षमता ५१२ सांगते. खऱ्या मर्यादेपलीकडे लिहिलेली माहिती जुन्या माहितीवर चढते किंवा नाहीशी होते, आणि बरेच दिवस काहीच लक्षात येत नाही. नवे कार्ड एकदा पूर्ण भरून परत वाचून पाहणारे मोफत प्रोग्राम संगणकासाठी उपलब्ध आहेत. कन्सोलमध्ये घालण्याआधी ही तपासणी करावीच. किनारपट्टीच्या दमट हवेत, मग ती चेन्नईची असो वा कोकणातली, संपर्कबिंदूंवर मळ आणि ऑक्साइड धरते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने ते हलक्या हाताने पुसावेत आणि पूर्ण सुकल्यावरच कार्ड घालावे. नोंद होत असताना कार्ड ओढू नये, कारण अनुक्रमणिका अर्धवट लिहिली गेली तर बाकीच्या नोंदी शाबूत असूनही कार्ड कोरे दिसते.

फ्लॅश पेशीत अडकलेले इलेक्ट्रॉन कायमचे राहत नाहीत. ऑक्साइडमधून ते अत्यंत सावकाश झिरपतात, आणि उष्णतेने हे झिरपणे वेग घेते. माहिती साधारण दहा वर्षे टिकेल असे धरून अशा चिप बनवल्या जात. जुन्या चिपच्या पेशी मोठ्या असल्याने पंचवीस वर्षांपूर्वीची कित्येक कार्डे आजही चालतात, पण त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. पोटमाळ्यावरच्या डब्यात चाळीस अंशांचे उन्हाळे काढलेल्या कार्डांबाबत तर मुळीच नाही. प्लेस्टेशन १ च्या कार्डाची नक्कल करणारी उपकरणे आता मिळतात. हौशी अभियंत्यांनी रास्पबेरी पायच्या आरपी२०४० या चिपवर बनवलेले एक उपकरण जुने अख्खे कार्ड आपल्या २६४ किलोबाइटच्या रॅममध्ये सामावून घेते. ज्यांच्या घरी जुनी कार्डे आहेत त्यांनी ती याच वर्षी बाहेर काढावीत, योग्य अडॅप्टरने वाचून त्यांची प्रत संगणकावर घ्यावी आणि आणखी एक प्रत दुसऱ्या जागी ठेवावी. प्लेस्टेशन १ च्या सबंध कार्डाची प्रत अवघी १२८ किलोबाइट भरते.