काळी मिरी घेताना एवढं बघाच!

तयार मिरपूड नको, अख्खी मिरीच घ्या. तिखटपणा पायपरिनचा, तो बराच टिकतो; सुगंध मात्र उडनशील तेलांचा, तो दळल्यावर भराभर उडून जातो.

🔸 दाणा टपोरा, काळपट-तपकिरी आणि सुरकुतलेला हवा. केरळची नावाजलेली ‘तेल्लीचेरी’ ही प्रत दाण्याच्या आकारावर ठरते: साधारण ४.२५ मिमीहून मोठे दाणे.

🔸 दाणा दोन बोटांत दाबा. सहज फुटला तर आतून पोकळ समजा.

🔸 फार चकचकीत मिरी टाळा. खनिज तेल लावून चमक आणलेली असू शकते. रॉकेलसारखा वास आला तर घेऊच नका.

🔸 थोडे दाणे पाण्यात टाका. भरीव मिरी तळाशी बसते. पोकळ दाणे आणि भेसळीच्या पपईच्या बिया तरंगतात.

कोकणात नारळी-पोफळींवर मिरवेल चढवतात. तिथला बागायतदार ओळखीचा असेल तर नवी मिरी थेट त्याच्याकडूनच घ्या.

मिरी घट्ट झाकणाच्या बरणीत, उन्हापासून लांब ठेवा. सार असो वा ऑम्लेट, लागेल तेवढीच खलबत्त्यात कुटा आणि शेवटी घाला. एकदा करून बघा, तयार पुडीकडे पुन्हा वळणार नाही!