रंगरेषांतून श्रद्धेची साक्ष : चित्रकार अँजेलो दा फोन्सेका

प्रवचन, धर्मशिक्षण व उपासना यांद्वारे ख्रिस्तसभा शुभवर्तमानाची घोषणा करीत असते. परंतु श्रद्धेची आणखी एक भाषा आहे आणि ती म्हणजे कला. ज्यांना वाचता येत नव्हते अशा असंख्य भाविकांना शतकानुशतके वेदीवरील चित्रांनी व मूर्तींनीच तारणाचा इतिहास शिकवला. तरीही कलेकडे आपण बहुधा 'सजावट' म्हणूनच पाहतो. ही दृष्टी अपुरी आहे. चित्रकार जेव्हा प्रभूचा चेहरा रेखाटतो, तेव्हा तो आपल्या श्रद्धेचा कबुलीजबाबच रंगांत मांडत असतो.

देवाचे चित्र काढावे की नाही, हा प्रश्न ख्रिस्तसभेत एकेकाळी मोठ्या संघर्षाचे कारण ठरला होता. आठव्या शतकात पूर्वेकडील सम्राटांनी प्रतिमा नष्ट करण्याचे फर्मान काढले. त्या वेळी दमास्कसचे संत योहान यांनी प्रतिमांची बाजू मांडली. त्यांचा युक्तिवाद साधा होता : अदृश्य देवाचे चित्र काढता येत नाही हे खरे, परंतु देवपुत्राने मानवी देह धारण केला, त्याला लोकांनी पाहिले, स्पर्श केला. ज्याला चेहरा लाभला, त्याचे चित्र काढता येते. इ. स. ७८७ मध्ये निकेयाच्या दुसऱ्या परिषदेने ही भूमिका मान्य केली आणि प्रतिमेला दिलेला मान तिने दर्शविलेल्या व्यक्तीला पोहोचतो, असे स्पष्ट केले. म्हणजे ख्रिस्ती कलेचा पाया देहधारणेचे रहस्य हाच आहे.

प्रभूने देह धारण केला तो एका विशिष्ट लोकांत, एका विशिष्ट भाषेत. मग तो आपल्या लोकांच्या रूपात रेखाटला जाऊ शकतो काय? हा प्रश्न गोव्याच्या एका चित्रकाराने आयुष्यभर जगून दाखवला.

अँजेलो दा फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांतो इस्तेव्ह येथे एका कॅथॉलिक कुटुंबात झाला. मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयातील पाश्चात्त्य वळणाच्या शिक्षणात त्यांचे मन रमले नाही. ते शांतिनिकेतनला गेले. तेथे बंगाल शैलीच्या सान्निध्यात भारतीय चित्रपरंपरेची ओळख त्यांना झाली आणि हीच रेषा, हेच रंग घेऊन आपल्या प्रभूचे व पवित्र मातेचे दर्शन घडवायचे, हा त्यांचा निश्चय झाला.

गोव्यात परतल्यावर त्यांनी मारियामातेला साडी नेसवली. पोर्तुगीज अमदानीतील अनेकांना हे रुचले नाही. निळ्या झग्यातील गोरी माता पाहण्याची ज्यांना सवय होती, त्यांना सावळी, भारतीय स्त्रीसारखी दिसणारी माता अवमानकारक वाटली. टीका इतकी झाली की फोन्सेका यांना आपली भूमी सोडावी लागली. पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमाने त्यांना आसरा दिला. हा आश्रम अँग्लिकन परंपरेतील होता, ही बाबही विचार करण्यासारखी आहे. इतिहासकार फादर हेरास, येशूसंघीय, यांच्यासारख्यांनी मात्र त्यांना प्रोत्साहन दिले. १९६७ साली पुण्यातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यातील पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे.

काहींच्या मनात शंका येईल : येशू तर यहुदी होता, मारिया नाझरेथची होती, मग साडी नेसवणे हा इतिहासाचा विपर्यास नव्हे काय? परंतु युरोपच्या चित्रकारांनी तरी काय केले? पंधराव्या शतकातील फ्लेमिश चित्रकारांनी देवदूताचा संदेश ऐकणारी मारिया आपल्या गावातील घराच्या खोलीत बसवली, तिच्या खिडकीबाहेर आपले शहर रंगवले. ते चित्र आपल्याला परके वाटत नाही, कारण डोळ्यांना त्याची सवय झाली आहे. फोन्सेका यांनी तेच केले. फरक एवढाच की घर आपले होते.

शब्दांच्या बाबतीत हे आपल्याकडे फार पूर्वी घडले होते. इंग्लंडहून आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात तारणाची कथा मराठी ओवीत गायिली. ओवी चालते, मग साडी का चालू नये?

ख्रिस्तसभेने पुढे या दिशेला अधिकृत मान्यता दिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालच्या पवित्र उपासनेवरील संविधानात स्पष्ट केले की, ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही. सर्व लोकांच्या कलेला उपासनेत योग्य आदराने स्थान आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ च्या पास्काच्या सणाला कलावंतांना उद्देशून खास पत्र लिहिले. अर्थात, इतर धर्मांची प्रतीके अर्थ न जाणता उचलणे हे संस्कृतीकरण नव्हे. त्यासाठी अभ्यास, प्रार्थना आणि धर्माधिकाऱ्यांचे मार्गदर्शन हवे.

आपल्यापुढील प्रश्न मात्र आपल्या घरचा आहे. मूर्ती हवी असली की आपण दुकानातून साचेबंद नमुना मागवतो. आपल्या मुलांना प्रभू नेहमी परदेशी चेहऱ्यातच दिसला, तर श्रद्धाही कुठूनतरी आणलेली, उसनी वाटण्याचा धोका आहे. याउलट, नाताळात आपले तरुण भाताचा पेंढा पसरून, विहीर, बैलगाडी व कुडाचे घर उभारून गोठा करतात, तेव्हा बेथलेहेम नकळत आपल्या गावात येते. १२२३ साली ग्रेच्चो येथे संत फ्रान्सिस यांनी गोठा मांडला, तोही जिवंत बैल व गाढव आणून, गावकऱ्यांच्या साक्षीने. हीच कल्पकता वर्षभर आपल्या मंदिरात का दिसू नये?

प्रत्येक धर्मग्रामात चित्र काढणारा, लाकूड कोरणारा, भरतकाम करणारा कोणीतरी असतोच. त्याला बोलवू या, त्याच्या हाती शुभवर्तमान देऊ या आणि प्रार्थनापूर्वक काम करण्याची मोकळीक देऊ या. आजीच्या लुगड्यातील मारियामाता वेदीवर पाहून कोणी चकित झाले, तर त्याला देहधारणेचा अर्थ समजावून सांगण्याची ती उत्तम संधी ठरेल. फोन्सेका यांना जे घर सोडावे लागले, त्याचे दार आपल्या काळातील कलावंतांसाठी उघडे ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.